धूमकेतूचे गणित आणि डोळ्याची साक्ष

केतूचे उगवणे आणि मावळणे गणिताने कळू शकत नाही, असे वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या केतुचार अध्यायात सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. हे विधान कोणा भाबड्या शकुनवाद्याचे नाही. ‘पंचसिद्धान्तिका’ लिहून पाच सिद्धान्तांचे ग्रहगणित एकत्र मांडणाऱ्या सहाव्या शतकातल्या मोठ्या गणित्याचे ते आहे. ग्रहण कधी लागेल, गुरू कोणत्या राशीत असेल हे तो सांगू शकत होता. केतूपाशी येताच मात्र त्याने गणित बाजूला ठेवले आणि गर्ग, पराशर, असित, देवल यांनी काय पाहिले ते नोंदवायला सुरुवात केली. त्याच ठिकाणी तो एक मतभेदही देतो. केतू एकशे एक आहेत असे काही म्हणतात, हजार आहेत असे काही म्हणतात, आणि नारदाच्या मते केतू एकच असून तोच अनेक रूपांनी दिसतो.

आज बीडच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या कोणत्याही मुलाच्या खिशात या विधानाला खोटे पाडणारे साधन आहे. मोबाइल आकाशाकडे धरला की कोणता धूमकेतू कोणत्या तारकासमूहात आहे, किती वाजता उगवेल आणि किती वाजता मावळेल, हे पडद्यावर दिसते. मग वराहमिहिर चुकला का? गेली वीस-बावीस वर्षे बालाघाटाच्या माथ्यावरून धूमकेतू पाहताना आणि घरी संगणकावर तेच आकाश पुन्हा मांडताना हा प्रश्न माझ्यासोबत राहिला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. खगोलाचे गणित मी पुस्तकांतून आणि आकाशातून, जमेल तसे शिकलो. माझ्यापुरते उत्तर असे आहे: वराहमिहिराचे अर्धे विधान खोटे ठरले, पण उरलेले अर्धे आजही खरे आहे. हौशी निरीक्षकाला जागा आहे ती त्या उरलेल्या अर्ध्यातच.

करणग्रंथापासून संगणकापर्यंत

आकाशाचे चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर ही आपल्याला वाटते तितकी परकी किंवा नवी वस्तू नाही. आपल्याकडे ज्योतिषगणिताच्या ग्रंथांत सिद्धान्त आणि करण असा भेद होता. सिद्धान्तग्रंथ ग्रहगतीची उपपत्ती सांगायचा. करणग्रंथ म्हणजे व्यवहाराचे हत्यार. जवळचा एक आरंभदिवस धरायचा, त्या दिवसाचे ग्रहांचे अंक ग्रंथातच द्यायचे आणि पुढच्या कोणत्याही दिवसाचे ग्रह कमीत कमी आकडेमोडीत कसे काढायचे ते सांगायचे.

भास्कराचार्यांनी उतारवयात, ११८३ साली, ‘करणकुतूहल’ लिहिले ते याच प्रकारचे. त्यांनी आपले गाव विज्जडविड असे सांगितले आहे. ते विज्जडविड म्हणजे आमचे बीड, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतो, कारण भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापलेल्या मठाचा शिलालेख तिथे आहे. बीडकर म्हणून माझे मन कुठे झुकते हे सांगायला नको, पण मनाचे झुकणे हा पुरावा नव्हे.

पुढे १५२० साली कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ रचले. त्यांनी ज्या, म्हणजे त्रिकोणमितीची कोष्टके, पूर्णपणे टाळून गणित इतके सुटसुटीत केले की पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातली पंचांगे त्या ग्रंथावर चालली. पण करणग्रंथाचे एक दुखणे असते. आरंभदिवसापासून जितके दूर जावे तितकी चूक साचत जाते. ग्रंथातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत अंतर पडू लागते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली ती युरोपातल्या नव्या वेधांवर बसवलेली होती. पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे, त्याला दृक्प्रत्यय आला पाहिजे, असा आग्रह त्यातून उभा राहिला आणि महाराष्ट्रात पंचांगशोधनाचा वाद पुढे कित्येक दशके चालला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात या सगळ्या परंपरेचा जमाखर्च मांडलेला आहे. या विषयात उतरू पाहणाऱ्याने तो आजही वाचावा.

आता ‘स्टेलॅरियम’कडे पाहा. फाबिएन शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. आपले अक्षांश-रेखांश भरले की ते आपल्या गावचे आकाश दाखवते. त्याच्या पोटात जे आहे तो करणग्रंथच आहे, फक्त आकडेमोड यंत्र करते. धूमकेतूसाठी त्याला सहा अंक लागतात. धूमकेतू सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ कधी येणार ती वेळ; तेव्हाचे सूर्यापासूनचे अंतर; कक्षा किती लांबट आहे ते सांगणारी विकेंद्रता; पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिचा कल; ती पातळी धूमकेतू कोणत्या दिशेला ओलांडतो ते सांगणारा पात; आणि त्या पातापासून उपसूर्य बिंदू, म्हणजे सूर्याजवळचे टोक, किती अंशांवर आहे ते. या सहा अंकांत धूमकेतूची सारी कुंडली मावते. अमेरिकेतल्या केंब्रिजचे मायनर प्लॅनेट सेंटर जगभरच्या वेधांवरून हे अंक काढते आणि वेळोवेळी सुधारून देते. स्टेलॅरियममध्ये ते उतरवून घेण्याची सोय आहे.

करणग्रंथाचे दुखणे मात्र इथेही सुटलेले नाही. गुरूसारख्या ग्रहाच्या ओढीने धूमकेतूची कक्षा बदलते. शिवाय तो काही निर्जीव दगड नव्हे. सूर्याच्या उष्णतेने त्याच्यावरच्या बर्फाची वाफ होऊन फवारे सुटतात आणि अग्निबाणासारखा उलटा धक्का देतात. हॅलेचा धूमकेतू या धक्क्यांमुळे प्रत्येक फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो, तर एन्केचा धूमकेतू थोडा लवकर. म्हणून सहा महिन्यांपूर्वी उतरवलेले अंक घेऊन धूमकेतू शोधायला निघणे म्हणजे जुने पंचांग घेऊन मुहूर्त काढण्यासारखे आहे. आमच्याकडे शाळांतली मुले आकाश पाहायला येतात, त्यांना पहिली सूचना हीच असते: अंक ताजे करून या.

शेतकऱ्याने आधी पाहिले

वराहमिहिराचे अर्धे विधान खोटे पडले ती घटना १७५८ सालची. १५३१, १६०७ आणि १६८२ साली दिसलेले तीन धूमकेतू एकच आहेत आणि तो १७५८च्या अखेरीस किंवा पुढच्या वर्षाच्या आरंभी परत येईल, असे एडमंड हॅलेने सांगून ठेवले होते. एकच केतू अनेकदा दिसतो, या नारदाच्या नावावरच्या मताला निदान एका धूमकेतूपुरता असा आधार मिळाला. भाकीत खरे ठरण्याआधीच हॅले वारला. फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या बाईंनी गुरू-शनीच्या ओढीचा हिशेब महिनोन्‌महिने हाताने केला आणि धूमकेतू एप्रिल १७५९च्या मध्याला, महिनाभर इकडेतिकडे धरून, सूर्याजवळ पोहोचेल असे सांगितले. तो १३ मार्चला पोहोचला. त्या काळाच्या मानाने हे यश थक्क करणारे होते.

पण तो पहिल्यांदा दिसला कोणाला? पॅरिसमध्ये शार्ल मेसिए हा अत्यंत तीक्ष्ण नजरेचा निरीक्षक त्याच्या मागावर दीड वर्ष होता. त्याचे वरिष्ठ दलिल यांनी धूमकेतू कुठे दिसेल याचा नकाशा काढून दिला होता आणि मेसिए त्या नकाशाप्रमाणे शोधत होता. नकाशातला मार्ग चुकीचा होता. दरम्यान जर्मनीत, ड्रेस्डेनजवळच्या खेड्यात योहान पालिच नावाचा शेतकरी राहत होता. स्वतःच्या हौसेने खगोल शिकलेला माणूस. १७५८ सालच्या २५ डिसेंबरच्या रात्री त्याने दुर्बिणीतून तो धुरकट ठिपका पाहिला. मेसिएला तो २१ जानेवारी १७५९ला सापडला.

या गोष्टीतून ‘गणित खोटे, डोळा खरा’ असा अर्थ काढणे सोपे आहे, पण तो बरोबर नाही. पालिचलाही हॅलेचे भाकीत माहीत होते आणि धूमकेतू येण्याचा काळ तो जाणून होता. खरा धडा वेगळा आहे. हातातला नकाशा जितका देखणा, तितके माणूस नकाशाबाहेर पाहायचे विसरतो. ऑक्टोबर २०२४मध्ये त्सुचिनशान–ॲटलास धूमकेतू पाहायला मांजरसुंब्याच्या माथ्यावर पंधरा-वीस जण जमले होते. पश्चिमेला, पाटोद्याच्या बाजूला क्षितिजावर ढगांची पट्टी होती. मोबाइलच्या पडद्यावर धूमकेतू जिथे दाखवला होता तिथे तेव्हा ढग होता, तरीही दोन-तीन मुले “दिसला, दिसला” म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. पडद्यावरचे चित्र त्यांच्या डोळ्यांत उतरले होते. वीस मिनिटांनी ढग सरकला, खरा पिसारा दिसला आणि ती मुले एकदम गप्प झाली. पडद्यावरच्या चित्राशी त्या पिसाऱ्याचे फारसे साम्य नव्हते. तेव्हापासून आमचा नियम ठरला आहे: आधी डोळा, मग पडदा.

तेज कोणाला सांगता येते?

स्थान गणिताने कळते, हे झाले. धूमकेतू दिसेल की नाही, हे मात्र स्थानावर नाही, तेजावर ठरते. आकाशातले तेज ‘प्रती’त मोजतात. प्रतीचा अंक जितका लहान तितके तेज जास्त. अंधाऱ्या गावातून नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. सॉफ्टवेअर धूमकेतूसमोर प्रत लिहिते, म्हणून ती स्थानाइतकीच पक्की आहे असा समज होतो.

तो अंक कसा येतो पाहा. धूमकेतू पृथ्वीपासून दुप्पट दूर गेला की त्याचे तेज चौथाई होते. हे साध्या दिव्यासारखेच आहे आणि त्यात शंका नाही. सूर्यापासूनच्या अंतराचा परिणाम मात्र वेगळा. धूमकेतू नुसता उजेड परतवत नाही. तापल्यावर वायू आणि धूळ बाहेर टाकून तो स्वतःभोवतीचा पसारा वाढवतो. त्यामुळे सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की तेज चौपट न होता सोळापट होते, असे सर्वसाधारणपणे धरतात. ही ‘सोळापट’ म्हणजे अनेक धूमकेतूंच्या अनुभवावरून घेतलेली सरासरी आहे. ती निसर्गाचा नियम नाही. एखादा आठपट वाढतो, एखादा पन्नासपट, आणि एखादा वाटेतच फुटून जातो.

याची उदाहरणे माझ्या पिढीने भरपूर पाहिली आहेत. १९७३ सालच्या कोहौतेकचा जगभर गाजावाजा झाला आणि बहुतेकांची निराशा झाली. सूर्याजवळ पहिल्यांदाच येणारे असे धूमकेतू दूर असतानाच पटकन उजळतात, कारण त्यांच्यावरचे सहज उडून जाणारे पदार्थ आधी संपतात. पुढे त्यांची वाढ मंदावते. २०१३ सालच्या आयसॉनला वर्षभर आधी ‘शतकातला धूमकेतू’ म्हटले गेले. २८ नोव्हेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १२ लाख किलोमीटरवरून जाताना तो विस्कटला. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो डिसेंबरभर नियमाने उगवत आणि मावळत राहिला. पडद्यावर धूमकेतू मरत नाही.

उलट प्रकार १७पी होम्सचा. सूर्याजवळून मे २००७मध्ये जाऊन तो परत दूर निघाला होता. सतराव्या प्रतीचा, मोठ्या दुर्बिणीतही कष्टाने दिसणारा. ऑक्टोबरच्या २३-२४ तारखेला दोन दिवसांच्या आत तो पाच लाख पट उजळला आणि ययाती तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. त्या वर्षीच्या दिवाळीत, फटाक्यांच्या धुराआडूनही, ईशान्येला तो कापसाच्या बोंडासारखा दिसत होता. कोणत्याही गणिताने तो सांगितला नव्हता.

तज्ज्ञांचेही तेच. त्सुचिनशान–ॲटलास फुटण्याच्या बेतात आहे, असा शोधनिबंध धूमकेतूंचे नामवंत अभ्यासक झ्देनेक सेकानिना यांनी जुलै २०२४मध्ये लिहिला होता. धूमकेतू टिकला. २७ सप्टेंबरला सूर्याजवळून गेला आणि १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्याच दिवशी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे सात कोटी किलोमीटरवर आला. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत तो जवळजवळ सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधोमध होता. कवडशातून येणाऱ्या तिरिपेत धुळीचे कण समोरून पाहिले की कसे लखलखतात, तशी त्याची धूळ लखलखली. आणि २०२५ सालचा लेमन धूमकेतू शोध लागला तेव्हा एकविसाव्या प्रतीच्या आसपासचा होता. तो फार तर दहाव्या प्रतीपर्यंत जाईल असे सुरुवातीला वाटत होते. २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, पृथ्वीच्या सर्वांत जवळ असताना तो चौथ्या प्रतीच्या आसपास पोहोचला होता. दिवाळीची अमावास्या असल्याने चंद्राचा अडथळा नव्हता. अडथळा होता तो आपल्याच रोषणाईचा.

प्रत कशी ठरवतात

मग हे तेज सांगते कोण? जगभरचे निरीक्षक, आणि त्यांतले बरेचसे हौशी. पद्धत सोपी आहे, सराव मात्र हवा. धूमकेतू पसरट आणि तारा टोकदार, म्हणून दोघांची सरळ तुलना होत नाही. मी दहा बाय पन्नासची द्विनेत्री वापरतो. आधी धूमकेतू नीट फोकसमध्ये पाहायचा आणि त्याच्या डोक्याचा आकार व उजेड मनात ठसवायचा. मग शेजारच्या, प्रत माहीत असलेल्या ताऱ्याकडे वळून फोकस बिघडवायचा. तारा फुगत फुगत धूमकेतूच्या डोक्याएवढा झाला की त्याचा उजेड लक्षातल्या उजेडाशी ताडून पाहायचा. एक तारा धूमकेतूपेक्षा किंचित उजळ आणि दुसरा किंचित मंद असा सापडला की त्यांच्या मधली प्रत धूमकेतूची. सिजविक या इंग्रज निरीक्षकाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

इथे सॉफ्टवेअर खरे उपयोगी पडते. तुलनेचे तारे कोणते, त्यांची प्रत किती, ते धूमकेतूइतक्याच उंचीवर आहेत का, हे ते क्षणात सांगते. उंची महत्त्वाची, कारण क्षितिजापासून दहा अंशांवरच्या ताऱ्याचे तेज डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानाने सुमारे एका प्रतीने कमी दिसते. लालसर तारे टाळायचे, कारण डोळा त्यांना फसतो. मात्र धूमकेतूपुढे लिहिलेली अपेक्षित प्रत आपला अंक वहीत उतरेपर्यंत पाहायची नाही. पाहिली की मन त्या अंकाकडे ओढ घेते. वहीत वेळ लिहायची ती जागतिक वेळ, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. सोबत डोक्याचा व्यास, गाभ्याकडे ते किती घट्ट आहे याचा शून्य ते नऊ असा दर्जा, आणि पिसाऱ्याची लांबी अंशांत. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश. अशा नोंदी स्लोव्हेनियातल्या चर्नी व्र्ह वेधशाळेकडून चालवल्या जाणाऱ्या जागतिक भांडारात पाठवता येतात आणि तेजाचे आलेख त्यांच्यावरून काढले जातात. पडद्यावरची पुढची प्रत अशी कोणाच्या तरी डोळ्यांतूनच येते.

बीडवरून काय दिसते

यात बीडचे काय, असे कोणी विचारेल. एकोणीस अंश उत्तर अक्षांश हे धूमकेतूसाठी मोठे सोयीचे ठिकाण आहे. धूमकेतू सर्वांत तेजस्वी असतो तो बहुधा सूर्याजवळ, म्हणजे संधिप्रकाशात. आपल्याकडे सूर्य क्षितिजाखाली सरळसोट उतरतो आणि साधारण सव्वा तासात पूर्ण अंधार होतो. युरोपात तो तिरका सरकत जातो आणि संधिप्रकाश रेंगाळतो. शिवाय दक्षिणेचे बरेच आकाश आपल्याला दिसते. ११ एप्रिल १९८६च्या सुमारास हॅले पृथ्वीच्या जवळ होता तेव्हा तो खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ४७ अंश दक्षिणेला होता. बीडवरून तो दक्षिण क्षितिजावर सुमारे २४ अंश चढत होता, दिल्लीत जेमतेम १४, आणि लंडनमध्ये तो उगवतच नव्हता. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला एवढेच कळले की वर्तमानपत्रातल्या चित्रापेक्षा तो फार फिका आहे. त्या हॅलेच्या निमित्ताने महाराष्ट्रात कितीतरी जण आकाशाकडे वळले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४पासून हे काम करत आली आहे.

आमच्याकडे वेधशाळा नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता तिथल्या निजामिया वेधशाळेशी मात्र धूमकेतूंच्या इतिहासातले एक नाव जोडलेले आहे. तिथे काम करणाऱ्या सहायकाचा मुलगा वेणू बाप्पू निजाम कॉलेजात शिकला, हार्वर्डला गेला आणि २ जुलै १९४९ रोजी त्याने घेतलेल्या छायाचित्रात नवा धूमकेतू सापडला. बाप्पू–बोक–न्यूकर्क हे त्याचे नाव.

आणि आमच्याकडे पहाटे जागी असलेली माणसे आहेत. दसरा-दिवाळीनंतर पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीकडची लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पहाटे तीन-चारला ती फडात असतात, डोक्यावर उघडे आकाश घेऊन. १९१० सालच्या जानेवारीत आलेला प्रचंड धूमकेतू जगात प्रथम पाहिला तो दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या खाणकामगारांनी, पहाटेच्या वेळी. ज्याला त्या वेळी जागे राहावे लागते त्यालाच तो आधी दिसतो. आमच्या एका ओळखीच्या मुकादमाला मी एकदा विचारले, फडात कधी शेंडेनक्षत्र दिसले का? तो म्हणाला, “दिसतंय की. पर कुणाला सांगावं? सांगितलं तर म्हणतेत, इपरीत हाय, बोलू नगंस.”

हुरड्याच्या दिवसांतले शेंडेनक्षत्र

सॉफ्टवेअरचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. ते काळात मागे जाते. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त १५७७ सालच्या धूमकेतूबद्दल लिहिले आहे, जहांगीराने आपल्या आठवणींत १६१८ सालच्या. खडकीला मलिक अंबर होता ते हे दिवस. त्या धूमकेतूंचे सहा अंक आज माहीत आहेत. ते भरून तारीख मागे नेली की त्या रात्री बीडच्या आकाशात काय होते ते समोर येते. मोडी कागदात ‘शेंडेनक्षत्र दिसले’ अशी ओळ तिथीसह सापडली तर ती तारीख पडताळता येते. इतिहासाच्या अभ्यासकांनी हे साधन अजून पुरेसे हाताळलेले नाही.

माझ्या आजीचेच उदाहरण देतो. ती १९००च्या आसपास जन्मलेली. १९८६मध्ये घरात हॅलेची चर्चा सुरू झाली तेव्हा ती म्हणाली, “म्या बघितलंय की ते. मी नऊ-धा वर्साची आसन. हुरड्याच्या दिसांत, सांच्याला मावळतीकडं निघायचं. केरसुणीवानी.” हॅले आधी १९१० साली आला होता, तेव्हा हिशेब जुळला आणि आजीने हॅले पाहिला असे घरात सगळ्यांनी धरून टाकले. पुढे कितीतरी वर्षांनी, आजी गेल्यावर, मी १९१०चे आकाश संगणकावर मांडले. हॅले २० एप्रिलला सूर्याजवळ होता. तो दिसला प्रामुख्याने मे महिन्यात, आधी पहाटे पूर्वेला आणि २० मेनंतर संध्याकाळी. मे महिन्यात हुरडा कसला? ज्वारी केव्हाच खळ्यावरून घरात आलेली असते. हुरडा जानेवारीतला. आणि १७ जानेवारी १९१०ला सूर्याजवळून गेलेला तो दुसरा, ट्रान्सवालच्या कामगारांनी पाहिलेला धूमकेतू, जानेवारीच्या अखेरीस संध्याकाळी मावळतीला लांब पिसारा घेऊन उभा होता. काही काळ तो शुक्राहूनही तेजस्वी होता. आजीने पाहिले ते शेंडेनक्षत्र हेच.

ही गल्लत एकट्या आमच्या घरची नव्हती. १९१०च्या आठवणी सांगणाऱ्या जगभरच्या अनेक वृद्धांबाबत हेच घडले होते. मला या गोष्टीत लक्षात राहतो तो पुरावा. संगणकाला कक्षा माहीत होती, पण आजीने काय पाहिले हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. निकाल लागला तो ‘हुरडा’, ‘सांज’ आणि ‘मावळत’ या तीन शब्दांनी. त्यांतला एक शब्द जरी ती विसरली असती तरी सारे गणित पांगळे होते. अक्षरशत्रू बाई, पण ऋतू, वेळ आणि दिशा या तिन्ही गोष्टी तिने सात दशकांहून अधिक काळ नेमक्या जपल्या. निरीक्षणाची नोंद याहून वेगळी काय असते?

वहीत काय लिहावे

ज्या आकाशात आजीने ते पाहिले ते आकाश आता झपाट्याने उजळते आहे. गावोगाव पांढरे एलईडी दिवे लागले, ते लागायलाच हवे होते. पण त्यांना वरून झाकण नाही, आणि निम्मा उजेड ढगांना जातो. मांजरसुंब्यावरून उत्तरेला बीडची प्रभा दरवर्षी थोडी वर चढताना दिसते. स्टेलॅरियममध्ये आकाश किती उजळ दाखवायचे त्याचे एक ते नऊ असे अंक आहेत. एकचे आकाश आमच्या मुलांनी पडद्यावरच पाहिले आहे. पडद्यावरची रात्र उत्तरोत्तर काळी आणि बाहेरची उत्तरोत्तर फिकी, असे होत राहिले तर तेजाची साक्ष द्यायला डोळे उरतील, पण त्यांना दिसणार काही नाही.

म्हणून मी भेटेल त्याला एकच सांगतो. पुढचा धूमकेतू दिसेल तेव्हा फोटो काढा, जरूर काढा. पण एका वहीत चार गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, दिशा आणि क्षितिजापासून किती मुठी वर, कोणत्या ताऱ्याएवढा उजळ, आणि पिसारा कोणत्या बाजूला किती लांब. द्विनेत्री नसली तरी चालेल. फडात असाल तर घरी फोन करून कोणाला तरी लिहायला सांगा. हॅले पुन्हा २८ जुलै २०६१ला सूर्याजवळ येईल. तो कुठे असेल हे आजच अंशांत सांगता येते. पावसाळ्याचे दिवस असतील, ढग असतील की नाही हे कोणी सांगू शकत नाही, आणि तो किती उजळेल हेही नाही. वराहमिहिराने गणित थांबवून ‘ज्यांनी पाहिले त्यांनी काय सांगितले’ ते लिहायला घेतले होते. तेवढे काम अजून शिल्लक आहे.